पावकीपासून दशक-सुट्यांपर्यंत : प्राथमिक शाळेंतील अंकगणिताची कथा

प्राथमिक शाळेंत मूल काय शिकतें, हा प्रश्न वरवर पाहतां फार साधा वाटतो. वाचन, लेखन आणि गणित हीं तीन नांवें घेतलीं कीं उत्तर संपलें, असें पुष्कळांना वाटतें. परंतु यांपैकीं एकट्या अंकगणिताचाच दोनशें वर्षांचा प्रवास पाहिला, तर शाळेंतील धडा हा केवळ शाळेंतच कधीं ठरलेला नाहीं, असें दिसून येतें. बाजारांतील नाणें, दुकानांतील वजन, दप्तराची लिपी आणि शाळेच्या उंबरठ्याच्या आंत कोणाला येऊं द्यावयाचें याविषयींची समाजाची समजूत, या सर्वांनीं मिळून तो धडा ठरविला आहे. आज दुसरीच्या वर्गांतील मूल काड्यांचे दहादहांचे गठ्ठे बांधून दशक आणि सुटे मोजूं लागलें, कीं घरांतील वडील माणसांना आपल्या लहानपणच्या पाढ्यांची आठवण होते, आणि ‘हल्लींच्या मुलांना कांहीं येत नाहीं’ असा निकाल देऊन तीं मोकळीं होतात. हा निकाल न्याय्य आहे कीं नाहीं हें ठरविण्यापूर्वीं मागील हकीकत एकदां नीट पाहणें अवश्य आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळीं आणि इंग्रजी अंमलाच्या आरंभीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं पंतोजीच्या शाळा चालत. त्यांना स्वतंत्र इमारत नसे. देवळाचा सभामंडप, एखाद्या सावकाराची ओसरी किंवा पंतोजीचें स्वतःचें घर एवढ्यावर काम भागे. छापील पुस्तक नव्हतें. पाटीवर धूळ किंवा विटेची भुकटी पसरून मूल तींत अक्षर काढी, म्हणून त्या अक्षरांना धुळाक्षरें हें नांव पडलें. हात बसला म्हणजे बोरू आणि कागद हातीं येई, आणि मोडी लिपीचे कित्ते गिरविण्यास आरंभ होई. पंतोजीला मोबदला मिळे तो थोड्या पैशांत, थोड्या धान्यांत, आणि सणावारीं घरोघरून येणाऱ्या शिध्यांत. छडी आणि अंगठे धरून उभें राहणें हीं त्या शाळेचीं नित्याचीं साधनें होतीं. संध्याकाळीं परवचा म्हणावयाचा असे. एका मुलानें पुढें म्हणावें आणि इतरांनीं त्याच्या मागून एका सुरांत म्हणावें, हा क्रम वर्षानुवर्षें चाले. त्या सुरावरच अंक मुलांच्या जिभेवर बसत.

एकापासून तीसपर्यंतचे पाढे ही त्या शिक्षणाची केवळ पायरी होती. खरी इमारत त्यापुढें होती. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाउणकी पाऊणाचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडाचा, अडीचकी अडीचाचा आणि औटकी साडेतीनाचा. आजच्या मुलाला ही यादी एखाद्या मंत्रासारखी वाटेल. परंतु त्या काळीं तींत कांहींही गूढ नव्हतें. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. शेराचे पावशेर चार आणि छटाक सोळा. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, वीस पांडांचा बिघा. ज्या व्यवहारांत प्रत्येक माप चौथ्या आणि सोळाव्या हिश्शांनीं मोडावयाचें, त्या व्यवहारांत अपूर्णांकांचा पाढा हीच माणसाची खरी शिदोरी होय. एका शेराचा भाव अडीच आणे असतां चौदा शेरांचे किती, असा प्रश्न आला, कीं अडीचकी पाठ असलेला मुलगा ‘चौदा अडीच पस्तीस’ असें क्षणांत म्हणे. पस्तीस आण्यांतून बत्तीस आण्यांचे दोन रुपये बाजूला काढी, आणि २ रुपये ३ आणे हें उत्तर पाटीला हात न लावतां देई. सोळा सव्वा वीस हें ज्याच्या ओठांवर आहे, त्याला सव्वा रुपयाचे आणे किती हें विचारावें लागत नसे.

चार आणि सोळा यांचें हें गणित पेशवाईंत जन्मलेलें नव्हतें. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं रचिलेल्या ‘लीलावती’च्या आरंभींच नाण्यांचें कोष्टक दिलेलें आहे. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, असा तो हिशेब आहे. म्हणजे शून्य आणि दशमान स्थानमूल्य ज्या देशांत पूर्णत्वास पोंचलें, त्याच देशांत बाजार मात्र चौपटीनें आणि सोळापटीनें चालत होता. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखांत भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे. परंतु त्या मठांतील विद्या आणि ओसरीवरील परवचा यांचे प्रवाह वेगळे राहिले. एक संस्कृतांत वाहिला, दुसरा मोडींत. एकाचा संबंध ज्योतिषाशीं आला, दुसऱ्याचा कीर्द-खतावणीशीं.

पंतोजीच्या शाळेचें कौतुक करितांना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथें पाठांतर पुष्कळ होतें, परंतु ‘असें कां’ या प्रश्नाला जागा नव्हती. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या ओसरीवर बसणारीं मुलें गांवांतील सर्व मुलें नव्हतीं. कुळकर्ण्याचा, वाण्याचा, सावकाराचा मुलगा तेथें असे; क्वचित् एखाद्या खात्यापित्या कुणब्याचा असे. मुलगी जवळजवळ नसेच, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना ती ओसरी बंदच होती. पूर्वींच्या मुलांना पावकी-औटकी तोंडपाठ असे, असें जें म्हटलें जातें, त्यांतील ‘मुलें’ या शब्दाचा अर्थ इतका आकुंचित आहे. ज्याला हिशेब ठेवावयाचा त्याला हिशेब शिकविला जाई. ज्याच्या नांवानें हिशेब लिहिला जाई त्याला तो वाचतांही येत नसे.

१८१८ मध्यें पेशवाई संपली. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८२३ सालीं शिक्षणाविषयीं जें टिपण लिहिलें, त्यांत देशी शाळा सुधारणें, त्यांची संख्या वाढविणें आणि त्यांना पुस्तकें पुरविणें यांवर भर दिला होता. त्याआधींच, १८२२ सालीं, मुंबईंत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली होती. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं युरोपीय गणिताचीं पुस्तकें मराठींत आणविलीं. पुढें १८४० मध्यें बोर्ड ऑफ एज्युकेशन आलें, १८५४ चा वुड यांचा खलिता आला, आणि १८५५ पासून सरकारी विद्याखातें सुरू झालें. दगडी पाटी, छापील क्रमिक पुस्तक, इयत्तांची विभागणी आणि वर्षाकांठीं परीक्षा घेण्यास येणारा दिपोटीसाहेब ही नव्या शाळेचीं लक्षणें ठरलीं. मोडीच्या जोडीला बालबोध लिपी आली. त्रैराशिकाचीं उदाहरणें कारणांसह मांडण्याची चाल पडली.

परंतु येथें एक चमत्कारिक गोष्ट दिसते. शाळा बदलली, पुस्तक बदललें, परीक्षक बदलला. तरी पावकी, निमकी आणि दिडकी यांनीं आपली जागा सोडली नाहीं. सरकारी शाळांतूनही उजळणी तशीच म्हटली जाऊं लागली, आणि अंकलिपीचें लहानसें पुस्तक घरोघरीं शिरलें. याचें कारण उघड आहे. इंग्रजांनीं राज्य घेतलें, परंतु रुपयाचे आणे सोळाच ठेवले. आण्याच्या पै बारा, म्हणजे रुपयाच्या पै १९२, हा हिशेब दुकानांत जोंवर चालू होता, तोंवर कोणत्याही विद्याखात्याला पावकी काढून टाकणें शक्य नव्हतें.

मध्यंतरीं जो खरा बदल घडत होता तो धड्यांत नव्हता. धडा कोणासाठीं, या प्रश्नांत होता. १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. १८८२ मध्यें हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढें जोतीरावांनीं जें निवेदन दिलें, त्यांत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचें शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी तर होतीच. पण शाळेंत काय शिकवावें याचाही आराखडा होता. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचें प्राथमिक ज्ञान, आणि नीति व आरोग्य यांवर कांहीं पाठ, असें त्याचें स्वरूप आहे. त्यांत हिशेबाला शेतीच्या शेजारीं बसविलें आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आपल्या नांवावर काय लिहिलें गेलें आहे, हें कुळाच्या मुलाला वाचतां यावें, हा त्यांतील मतलब समजण्यास फार विचार नको.

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना पुढें संस्थानांतून आकारास आली. सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत आणि १९०६ सालीं सर्व बडोदें संस्थानांत ती अंमलांत आणिली. शाहू छत्रपतींनीं १९१७ मध्यें कोल्हापुरांत मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आज्ञा काढली. ब्रिटिश हद्दींत हें काम गोपाळ कृष्ण गोखले यांनीं हातीं घेतलें. गोखले हे फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे शिक्षक होते, आणि शाळांसाठीं त्यांनीं लिहिलेलें अंकगणिताचें पुस्तक फार दिवस चाललें. अशा गृहस्थानें १९११ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडावें आणि १९१२ मध्यें तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें जावें, हा हिशेब त्यांना सोडवितां आला नाहीं. मुंबई इलाख्यांत १९१८, १९२३ आणि १९४७ या सालीं प्राथमिक शिक्षणाचे कायदे एकामागून एक झाले, आणि ओसरीवरचा धडा हळूहळू सर्वांचा होऊं लागला.

तो सर्वांचा होऊं लागतांच एक नवी अडचण उभी राहिली. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या परवचा ऐकूं येत होता, त्या घरचें मूल शाळेंत येण्यापूर्वींच अर्धें शिकलेलें असे. ज्या घरांत अक्षरच नव्हतें, तेथील मुलाला नुसतें पाठांतर पुरेना. १९३७ सालीं वर्धा येथील परिषदेंतून जी मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली, तिनें यावर एक तोड सुचविली. मुलानें सूत कातावें, त्याचें वजन करावें, लांबी मोजावी, मजुरी काढावी, आणि त्यांतूनच गणित शिकावें, असा तिचा आशय होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें, आणि १९५७ पासून कोसबाड येथें आदिवासी मुलांसाठीं जें काम केलें, त्याचा मार्ग निराळा असला तरी रोख तोच होता. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत, म्हणून शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा हें नांव मिळालें. तेथें पानें, बिया आणि खडे हींच मोजण्याचीं साधनें झालीं.

मग १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, हा हिशेब कांहीं काळ लोकांना फार जड गेला. १९५८ पासून शेर-मण जाऊन किलोग्रॅम आणि मीटर येऊं लागले. एवढी एक गोष्ट घडली, आणि जें काम शंभर वर्षांत कोणत्याही विद्याखात्याला करतां आलें नव्हतें, तें आपोआप झालें. सोळांचा बाजार दहांचा झाला, आणि औटकी व सवायकी यांच्या पायांखालची जमीनच निघून गेली. मोडी लिपीही त्याच सुमारास शाळांतून मागें पडली. चाराणे-आठाणे हे शब्द पुढें अर्धशतक लोकांच्या तोंडीं राहिले. २०११ च्या मध्यास पंचवीस पैशांचें नाणेंही चलनांतून गेलें, आणि चाराणे या शब्दाला हातांत धरावयास कांहीं उरलें नाहीं. तेव्हां पावकी ही कोणा आळशी शिक्षकानें किंवा कोणा बेफिकीर सरकारनें घालविली, हा समज खरा नव्हे. जिचा व्यवहार संपला ती विद्या वर्गांतून उतरली, एवढेंच.

पाठ्यपुस्तकें तयार करण्यासाठीं १९६७ सालीं पुण्यांत बालभारतीची स्थापना झाली, आणि सर्व महाराष्ट्रांतील मूल एकच पुस्तक वाचूं लागलें. या पुस्तकांच्या इतिहासांत २०१९ सालचा प्रसंग अंकगणिताच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद आहे. त्या वर्षींच्या दुसरीच्या पुस्तकांत एकवीस, बत्तीस, त्रेसष्ट या नांवांबरोबर वीस एक, तीस दोन, साठ तीन अशीं नांवें आलीं. समितीच्या अध्यक्षा गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. मराठींत शंभरापर्यंतच्या बहुतेक प्रत्येक संख्येचें नांव स्वतंत्र पाठ करावें लागतें. शिवाय ‘पंचवीस’ ऐकतांना आधीं पांच ऐकूं येतात आणि मागून वीस. लिहितांना मात्र आधीं दोन लिहावयाचे आणि मागून पांच. एकोणसाठ म्हणतांना साठांतून एक वजा करावयाचा आणि लिहितांना पांचावर नऊ मांडावयाचे. कानडी, तेलुगू, तमिळ आणि मलयाळम् या भाषांत दशक आधीं आणि सुटे मागून, असा सरळ क्रम आहे. लहान मुलाच्या डोक्यावरचा हा भार कमी व्हावा, एवढाच या सूचनेचा हेतु होता. जुनीं नांवें बंद केलेलीं नाहींत, असा खुलासाही झाला.

तरीही केवढें वादळ उठलें! वर्तमानपत्रांत लेख आले, विधानसभेंत प्रश्न विचारले गेले, थट्टा झाली. विरोधकांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. अंकांचीं नांवें हाही भाषेचा ठेवाच आहे. भाजीवाली ‘त्रेपन्न रुपये’ म्हणते, आणि मुलाला तें समजलें नाहीं तर शाळेचा उपयोग काय, असें त्यांनीं विचारलें. येथें १९५७ आणि २०१९ या दोन सालांची तुलना करून पाहिली म्हणजे सर्व प्रकार स्वच्छ दिसतो. १९५७ सालीं बाजार आधीं बदलला आणि शाळा त्याच्या मागून गेली. म्हणून पावकी गेली तरी फारसा ओरडा झाला नाहीं. २०१९ सालीं शाळेनें पुढें पाऊल टाकलें, परंतु बाजार, घर आणि बोली जागच्या हलल्या नाहींत. एकट्या पुस्तकाच्या बळावर भाषा वळत नाहीं. उलट, अवघड नांवांपाशीं अडखळणाऱ्या मुलाला चार दिवस सोप्या नांवाचा हात धरूं दिला तर भाषा बुडते, हेंही खरें नव्हे. टेकू काढून घेतल्यावर मूल ‘त्रेसष्ट’ म्हणूं लागलें, म्हणजे दोन्ही पक्षांचें समाधान व्हावयास हरकत नसावी.

आजचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. जोतीरावांनीं मागितलेलें आणि गोखल्यांना न मिळालेलें तें अखेर मिळालें. परंतु शाळेंत बसणें आणि शिकणें या दोन गोष्टी एक नव्हेत. ‘प्रथम’ या संस्थेच्या वतीनें २००५ पासून ‘असर’ नांवाची पाहणी होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतांतील तिसरीच्या मुलांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलांनाच दोन अंकी हातच्याची वजाबाकी करतां आली. २०२१ सालीं केंद्र सरकारनें ‘निपुण भारत’ हा कार्यक्रम हातीं घेतला, तो तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचतां आणि मोजतां यावें या हेतूनेंच. हातच्याची वजाबाकी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. एक दशक मोडून दहा सुटे करावयाचे, ही कल्पना ज्याला उमगली नाहीं, त्याच्यापुढें भागाकार, अपूर्णांक आणि पुढील सर्व गणित बंद दारासारखें उभें राहतें. काड्यांचे गठ्ठे बांधणें आणि सोडणें हा जो पोरखेळ वडील माणसांना वाटतो, तो त्या दाराची कडी काढण्याचाच उद्योग आहे.

जुन्या पिढीचें एक म्हणणें मात्र टाकून देण्यासारखें नाहीं. समजलें पण हाताशीं नाहीं, असें ज्ञानही लंगडेंच असतें. सात आठे छप्पन्न हें प्रत्येक वेळीं बोटें मोजून काढणारें मूल मोठ्या उदाहरणांत थकून जातें. पाठांतर हा समजुतीचा शत्रु नव्हे. तें समजुतीच्या मागून यावें, पुढें नव्हे. ज्या घरांत दुसरी-तिसरींतील मूल आहे, तेथें संध्याकाळीं दहा मिनिटें पाढ्यांना दिलीं आणि मधून मधून ‘असें कां’ हाही प्रश्न विचारला, तर परवचा आणि नवी पद्धति यांचें भांडण त्या घरापुरतें तरी मिटेल.

आतां बाजारही पुन्हां बदलला आहे. दुकानदार बेरीज यंत्रावर करतो आणि पैसे फोनवरून घेतो. कोष्टक पाठ असण्याची गरज त्याला उरलेली नाहीं. पंतोजीच्या शाळेला गणित शिकविण्याचें कारण बाजारानें पुरविलें होतें. आजच्या शाळेला तें स्वतःच शोधावें लागणार आहे, आणि तें फार लांब शोधावयास नको. यंत्रानें दिलेलें उत्तर, व्याजाचा दर, वेतनाची पावती आणि निवडणुकींतील आकडे खरे कीं खोटे, हें ज्याला स्वतः पडताळून पाहतां येत नाहीं, त्याच्या नांवावर दुसराच कोणी हिशेब लिहीत राहतो. दोनशें वर्षांपूर्वीं ओसरीच्या बाहेर राहिलेल्या मुलांची हीच अवस्था होती. आज तीं मुलें वर्गाच्या आंत आलीं आहेत. आंत येऊनही तीं हिशेबाच्या बाहेर राहूं नयेत, यासाठीं दुसरीच्या वर्गांतला तो काड्यांचा गठ्ठा घाई न करतां, प्रत्येक मुलाच्या हातून सुटेपर्यंत आणि पुन्हां बांधला जाईपर्यंत, शिक्षकानें आणि घरच्यांनींही थांबणें प्राप्त आहे.